गोटा टायर आणि पहिला पाऊस

स्टॉकहोम शहरात हॉर्न्सगाटान नावाचा एक वर्दळीचा रस्ता आहे. १ जानेवारी २०१० पासून या रस्त्यावर खिळ्यांचे टायर लावलेली गाडी न्यायला बंदी आहे. देश बर्फाचा, हिवाळा लांबलचक, आणि गाडी बर्फावर घसरू नये म्हणून टायरच्या रबरात टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवण्याची तिथली रीत जुनी. तरीही बंदी का? तर बर्फ नसलेल्या दिवशी हेच खिळे डांबर खरवडून काढतात आणि त्याची बारीक धूळ रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या फुप्फुसात जाते. जपानमध्ये सेंदाई, सापोरो या शहरांनी ऐंशीच्या दशकात ही धूळ इतकी खाल्ली की, १९९० मध्ये तिथल्या संसदेला खिळ्यांच्या टायरविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अमेरिकेतील मिनेसोटा हे तर भयंकर थंडीचे राज्य. त्यानेही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच या टायरांना रजा दिली. नॉर्वेत ऑस्लोसारख्या शहरांत ते वापरायचे तर वेगळे शुल्क भरावे लागते.

म्हणजे खिळ्यांचे टायर निरुपयोगी आहेत असे नव्हे. शून्य अंशाच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा बर्फ सर्वांत निसरडा असतो. नेमक्या त्या वेळी खिळा बर्फात रुततो आणि गाडी थांबते. थंडी फार वाढली की बर्फ कोरडा होतो आणि खिळ्याचा फायदा घटतो. उघड्या डांबरावर तर हे टायर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबू शकतात. दरम्यान, थंडीतही मऊ राहणारे, बारीक चिरांचे बिनखिळ्यांचे टायर आले आणि वादाचे स्वरूपच बदलले. आता तिथे प्रश्न विचारला जातो तो असा: वर्षातल्या किती दिवसांसाठी, कोणत्या रस्त्यासाठी आणि कोणाच्या खर्चाने?

हा प्रश्न विठ्ठलवाडीत विचारायला हवा. इथे बर्फ पडणार नाही. पण घसरण आपल्याकडेही ठरलेल्या हंगामात येते आणि तिची तारीखही साधारण ठाऊक असते. जूनचा पहिला-दुसरा आठवडा, संध्याकाळची पहिली जोरदार सर, कल्याण-बदलापूर रस्त्यावर स्टेशनकडून घरी निघालेल्या दुचाकींची रांग. त्या अर्ध्या तासात विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये किती गाड्या आडव्या होतात याची मोजदाद कुठेही होत नाही. बहुतेक जण उठतात, कपडे झटकतात, आरसा वाकडा झालेली गाडी उचलतात आणि निघून जातात. जे उठू शकत नाहीत त्यांची दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते आणि तिच्यात एक ठरलेले वाक्य असते: ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. हे वाक्य आम्हीच छापतो, हेही इथे कबूल केले पाहिजे. नियंत्रण का सुटले, हे त्या वाक्यात कधी नसते.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. महाराष्ट्राचा आकडा १५ हजार २२४. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या या अहवालात मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण म्हणून ‘अतिवेग’ नोंदवलेला आहे, सत्तर टक्क्यांहून अधिक. आकडा खोटा नाही, पण अतिवेग म्हणजे नेमके काय? चाळीसचा वेग कोरड्या रस्त्यावर सावकाश आणि पहिल्या पावसात अति असू शकतो. वेग तोच राहतो, रस्त्याची पकड बदलते.

ही पकड किती बदलते ते साध्या हिशेबाने पाहू. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. समोर रिक्षा अचानक थांबली हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे अकरा मीटर तिथेच संपले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी आठ-नऊ मीटरांत थांबते. साध्या ओल्या रस्त्यावर बारा-तेरा मीटर लागतात. आणि धूळ, ऑइल, पाणी यांचा लगदा झालेल्या रस्त्यावर पकड कोरड्याच्या एक-तृतीयांशावर आली, तर पंचवीस मीटर. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, त्याहून जास्त. वेग तीसवर आणला तर त्याच लगद्यावर हे अंतर चौदा मीटरांवर येते. वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे थेट हाडांशी संबंधित आहे.

पहिला पाऊसच एवढा वाईट का? आपल्याकडे ऑक्टोबरनंतर जवळपास आठ महिने रस्ता धुतला जात नाही. टपकलेले ऑइल, डिझेल, टायरचे झिजलेले रबर, बांधकामाची माती, सिमेंटची भुकटी हे सारे डांबराच्या बारीक खड्ड्यांत बसून राहते. पहिल्या सरीचे पाणी ते वर आणते, पण वाहून नेण्याइतके जोरदार नसते. मुसळधार पावसानंतर रस्ता उलट थोडा बरा होतो. अमेरिकेतील अपघातांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले: मधला कोरडा काळ जितका लांब, तितका त्यानंतरचा पाऊस अपघाताच्या दृष्टीने घातक. तिथे कोरडा काळ दिवसांत मोजला होता. आपला तर महिन्यांत मोजावा लागतो.

आता टायरकडे वळू. दुचाकीचा टायर रस्त्याला टेकतो ती जागा साधारण एका एटीएम कार्डाएवढी असते. दोन चाके, दोन कार्डे. नवरा, बायको, मूल आणि भाजीची पिशवी यांचा सगळा भार त्यांच्यावर. योगायोग असा की, याच कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी व तीनचाकीच्या टायरच्या खाचा किमान ०.८ मिलिमीटर खोल हव्यात. चारचाकीला ही मर्यादा १.६ मिलिमीटर. म्हणजे कार्ड खाचेत उभे केले आणि त्याची जाडीसुद्धा बुडेना, तर टायर कायद्यानेही बाद. आपल्या भाषेत त्याचा गोटा झाला. टायरच्या खाचांमध्ये तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. घासून घासून वरचे रबर त्या उंचवट्यांच्या पातळीला आले की टायर बदलायचा. त्यांची जागा दाखवायला टायरच्या कडेला बाण किंवा त्रिकोण असतो. हे पाहायला दहा सेकंद लागतात.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे, कारण टायरचे दुकानदार तो दूर करणार नाहीत. खाचा असल्या की पकड आली, असे आपण धरून चालतो. कोरड्या रस्त्यावर खाचांची गरजच नसते; शर्यतीच्या गाड्यांचे टायर मुद्दाम गुळगुळीत असतात. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे. मोटारीचा रुंद, चपटा टायर वेगात साचलेल्या पाण्यावर गेला आणि पाणी खाचांतून निसटू शकले नाही, तर टायर अक्षरशः तरंगू लागतो. स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा, गाडीला पत्ता नसतो. अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या चाकांवर झालेल्या प्रयोगांतून याचे एक सूत्र निघाले आहे. त्यानुसार तीस पौंड हवा असलेला टायर ताशी सुमारे नव्वद किलोमीटरला तरंगू लागतो. हवा वीस पौंडांवर आली तर पंचाहत्तरच्या आतच. म्हणून ‘पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते’ हा सल्ला कोणी कितीही आपुलकीने दिला तरी ऐकू नये. कमी हवेने टायर मध्ये दबतो, खाचा मिटतात आणि पाण्याला वाट उरत नाही. माळशेजला किंवा एक्स्प्रेस वेवर मोटार घेऊन जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. नायट्रोजन भरा की साधी हवा, फरक नगण्य आहे. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. भरली आहे की नाही, हे महत्त्वाचे.

दुचाकीचे गणित मात्र वेगळे. तिचा टायर अरुंद आणि गोलसर, तो पाणी होडीच्या नाळेसारखे कापत जातो. शहरातल्या चाळीस-पन्नासच्या वेगात तो सहसा तरंगत नाही. मग दुचाकी घसरते कशाने? चिखलाने, रंगाने, लोखंडाने, शेवाळाने आणि कडक झालेल्या रबराने. शेवटचे कारण सर्वांत कमी ओळखले जाते. पकड येते ती रबर रस्त्याच्या कणाकणावर दबून, त्याच्या उंचसखलपणात शिरून. त्यासाठी रबर मऊ हवे. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते वर्षागणिक टणक होत जाते, गाडी चालो वा न चालो. प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एक स्कूटर असते: निवृत्त काकांची, दहा वर्षांत जेमतेम आठ हजार किलोमीटर चाललेली, टायरची नक्षी नव्यासारखी. पाहुणा आलेला पुतण्या ती पावसात घेऊन निघतो आणि पहिल्याच वळणावर पडतो. टायरच्या कडेवर चार अंकांचा एक शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच-सहा वर्षांनंतर त्याची दरवर्षी बारकाईने तपासणी हवी. कडेला बारीक भेगा दिसू लागल्या तर नक्षी कितीही चांगली असो, तो टायर पावसाळ्याच्या कामाचा नाही.

म्हणूनच गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून देण्याचा जो धंदा रस्त्याकडेला चालतो, तो सरळसरळ जिवाशी खेळ आहे. खाचा दिसतात, पण त्या कोरताना आतल्या धाग्यांवरचे उरलेसुरले रबरही गेलेले असते आणि रबर तेच जुने, टणक. ट्रक-बसच्या टायरवर कारखान्यात नवा थर चढवणे ही वेगळी गोष्ट. एसटी महामंडळ स्वतःच्या यंत्रणेत ते वर्षानुवर्षे करत आले आहे, कारण त्या टायरचा सांगाडा मुळातच तशा दुसऱ्या आयुष्यासाठी बांधलेला असतो आणि काम तपासून होते. दुचाकीच्या टायरवर कोणी रिमोल्ड करून देतो म्हणाला तर घेऊ नये. तरुण मंडळींना हल्ली जाड ठोकळ्यांचे, जंगलातल्या वाटेसाठीचे टायर बसवण्याची हौस आहे. दिसायला रुबाबदार, पण ओल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे टेकणारे रबरच कमी. स्टॉकहोमच्या खिळ्यांची ही आपली आवृत्ती म्हणायची: विशिष्ट जमिनीसाठी बनवलेली वस्तू भलत्याच जमिनीवर.

आता मूळ प्रश्न: पावसाळ्यापूर्वी टायर बदलण्याचा खर्च परवडतो का? स्कूटरचा चांगला टायर साधारण दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तो वीस हजार किलोमीटर चालतो असे धरले तर किलोमीटरला साडेसात पैसे. त्याच किलोमीटरला पेट्रोल दोन रुपयांहून अधिक जळते. टायरचा शेवटचा चौथा हिस्सा शिल्लक असतानाच तो काढून टाकला, तर नुकसान पावणेचारशे रुपयांचे. मनगटाच्या हाडाला प्लेट बसवण्याचा खर्च, सहा आठवड्यांचा बुडालेला रोज आणि डाव्या हाताने जेवण्याची शिक्षा यांच्याशी हे पावणेचारशे ताडून पाहावेत. पैसे एकाच टायरपुरते असतील तर? मागचा टायर आधी झिजतो, म्हणून लोक मागचाच बदलतात आणि पुढचा वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे जातो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे चाक करते. मागचे घसरले तर सावरायला अवधी मिळतो. पुढचे घसरले तर माणूस खाली पडल्यावरच त्याला कळते. त्यामुळे गोटा झालेला मागचा टायर बदलाच, पण पुढच्याचे वय आणि भेगा पाहिल्याशिवाय दुकानातून निघू नका.

हे सगळे मे महिन्यातच केलेले बरे. कोऱ्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून येताना लागलेला तुकतुकीत थर असतो. पहिले शंभरेक किलोमीटर सांभाळून चालवल्यावर तो निघतो. जुलैच्या धो-धो पावसात टायर बदलून त्याच दिवशी भरधाव निघणे म्हणजे एका निसरड्यावर दुसरे निसरडे. गाडी धुणारा पोऱ्या टायर काळेभोर दिसावेत म्हणून पॉलिश मारतो, तेही दुचाकीच्या टायरला मारू देऊ नये.

पण ज्यांना दीड हजार रुपये खरोखर जड आहेत, त्यांचे काय? घरोघरी जेवण आणि किराणा पोहोचवणारी मुले दिवसाला शंभर किलोमीटर सहज कापतात. त्यांचा टायर दोनशे दिवसांत संपतो. म्हणजे जूनमध्ये नवा घेतलेला टायर नाताळ संपेपर्यंत गोटा. पाऊस वाढला की ऑर्डरी वाढतात, जादा पैसे पावसाच्याच तासांना मिळतात, आणि नेमक्या त्या तासांना रस्ता सर्वांत वाईट असतो. टायरचा खर्च मात्र पूर्णपणे त्या मुलाचा. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळी करून पहाटे दुचाकीवर परतणाऱ्या कंत्राटी कामगाराचीही हीच कथा. पगार हातात येतो तेव्हा त्यातून आधी हप्ता, भाडे, शाळेची फी जाते. टायर ‘पुढच्या महिन्यात’. या कंपन्यांनी आणि कंत्राटदारांनी वर्षातून एक जोड टायर द्यावा, ही मागणी अवास्तव नाही. पावसाळी रेनकोटवर कंपनीचे नाव छापून देता येते तर टायरचे पैसेही देता येतील.

सरकारी यंत्रणेचा एक विनोद असा. दुचाकीच्या धुराची तपासणी ठरावीक मुदतीने होते आणि प्रमाणपत्र नसेल तर दंड बसतो. ते योग्यच आहे. पण खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते, आणि त्या पंधरा वर्षांत तिचे टायर कोणीही, कधीही, अधिकृतपणे पाहत नाही. ०.८ मिलिमीटरचा नियम आहे, पण मोजणारा नाही. पीयूसी केंद्रावर गाडी उभी असतेच. तिथल्या माणसाच्या हातात खोली मोजायची छोटी पट्टी दिली आणि प्रमाणपत्रावर ‘पुढचा, मागचा’ असे दोन रकाने छापले, तर या नियमाला पहिल्यांदा डोळे फुटतील. सुरुवातीला दंड नको, नुसती नोंद पुरे. आपला टायर संपला आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. रिक्षांची फिटनेस तपासणी होते, पण तपासणीच्या दिवशीचा टायर आणि जुलैतला टायर यांत बराच फरक पडलेला असतो. तीन चाकांवर पाच-सहा माणसे वाहणाऱ्या शेअर रिक्षाच्या पुढच्या एकुलत्या चाकाकडे बसण्यापूर्वी एकदा नजर टाकायला हरकत नाही.

आणि टायर कितीही चांगला असला तरी रस्ता त्याला हरवू शकतो. नवा मऊ टायरसुद्धा ओल्या लोखंडी पत्र्यावर काही करू शकत नाही. गटाराचे काम सुरू असताना अंथरलेल्या लोखंडी प्लेटा, रस्त्याच्या पातळीपेक्षा वर-खाली बसलेली मॅनहोलची झाकणे, खड्डा बुजवायला टाकलेले आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, चौकात हात-हात रुंद ओढलेले रंगाचे पट्टे, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट, आणि बांधकामाच्या डंपरांनी चाकांवरून आणून सांडलेली लाल माती. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सलग पट्ट्यात मे अखेरीपर्यंत खोदकामे चालूच असतात. त्यामुळे जूनमध्ये डांबराची धूळ, ऑइल आणि खोदलेली माती असा तिहेरी लगदा तयार मिळतो. काँक्रीटचा रस्ता ओतताना त्यावर आडव्या बारीक रेषा ओढतात, त्या पाण्यासाठी आणि पकडीसाठी. वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने त्या गुळगुळीत झाल्या की पुन्हा कापून घ्याव्या लागतात. काँक्रीट केले म्हणजे वीस वर्षांची निश्चिंती, हा समज अभियंत्यांचा नाही, उद्घाटन करणाऱ्यांचा आहे.

खड्ड्यांबाबत निदान न्यायालयाने तरी काही हालचाल केली. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. जखमींसाठीही रकमा ठरवल्या. पण खड्डा दाखवता येतो, त्याचा फोटो निघतो. डंपरने सांडलेला चिखल पुढच्या सरीत वाहून जातो आणि पुराव्यासकट नाहीसा होतो. उरतो तो ‘नियंत्रण सुटलेला’ चालक. बांधकामाच्या जागेतून रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक डंपरची चाके धुऊन सोडणे, पहिल्या सरीआधी मुख्य रस्ते एकदा पाण्याच्या दाबाने धुऊन घेणे, लोखंडी प्लेटांवर खरखरीत थर लावणे: यातले काहीच महागडे नाही आणि शोध लावण्यासारखेही नाही. नालेसफाईची पाहणी दरवर्षी मे महिन्यात छायाचित्रकारांसह होते. तशी रस्त्याच्या पकडीची पाहणी कधी झाल्याचे आठवत नाही.

पडल्यानंतरचेही थोडे. घसरून पडणारा माणूस बहुधा हात टेकतो, म्हणून मनगट आणि गळ्याजवळची आडवी हाडे मोडतात. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली स्त्री पाठीवर किंवा डोक्यावर पडते, कारण तिला टेकायला काही नसते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो, हे अनेक अभ्यासांचे एकत्रित मोजमाप आहे, आणि ते मागे बसणाऱ्यालाही तितकेच लागू. खरचटणे मात्र आपण मोजतच नाही. हळद लावून मोकळे होतो. पावसाळ्यात ते महागात पडू शकते. रस्त्यावरच्या पाण्यात उंदीर-घुशींचे, गुराढोरांचे मूत्र मिसळलेले असते आणि सोललेली कातडी ही लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूला उघडे दार आहे. वालधुनीचे पाणी रस्त्यावर येते त्या भागात तर आणखीच. २००५ च्या महापुरानंतर मुंबई आणि ठाणे परिसराने ही साथ पाहिली आहे. साचलेल्या पाण्यात पडून जखम झाली तर ती वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवावे, आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना ‘पाण्यात पडलो होतो’ हे आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही, हे ते ठरवतील. आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे सुरू झाले तर घरगुती औषधांत वेळ घालवू नये. गंभीर अपघातात १०८ ला फोन करणाऱ्याला किंवा जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याला नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे अजूनही अनेकांना माहीत नाही, म्हणून बघ्यांची गर्दी असते आणि हात लावणारा कोणी नसतो.

टायर बदलून घेतल्यावर जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. दुकानदार तो दाराबाहेर रचून ठेवतो, किंवा आपण ‘झाडाला कुंडी होईल’ म्हणून घरी आणतो आणि तो जिन्याखाली पडून राहतो. टायरची घडणच अशी की, कसाही ठेवला तरी त्याच्या पोटात पाणी राहते, सावली राहते आणि ते ओतून टाकता येत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून चांगले घर सापडत नाही. त्याच जातीतला एशियन टायगर डास तर जुन्या टायरांच्या व्यापारातून समुद्र ओलांडून गेला आणि १९८५ मध्ये अमेरिकेत टेक्सासला जाऊन वसला. टायर दुकानांबाहेरच्या राशी जूनपूर्वी उचलल्या जातील किंवा ताडपत्रीने झाकल्या जातील, हे आरोग्य खात्याने पाहावे. घरी आणलेल्या टायरची कुंडी करायचीच असेल तर आधी त्याला खालून चार भोके पाडावीत.